कुंकू लावलेली मेंढपाळीण

बाळांनो, माझ्या आईकडून आलेल्या त्या चिनी मातीच्या जोडीचे फोटो पाठवा, तळाची खूणही दिसू दे, म्हणजे किंमत कळेल, असं तुम्ही दोनदा लिहिलंत. फोटो पाठवता येणार नाहीत. का, ते एकदाच नीट लिहिते.

माझे आजोबा पुण्याच्या कॅम्पात दवाखाना चालवत. मायदेशी परतणाऱ्या एका मडमेनं जाताना त्यांना ही जोडी दिली. एक मेंढपाळ, एक मेंढपाळीण, वीतभर उंचीची, तळाला निळी खूण. आजोबांकडून ती माझ्या आईकडे आली आणि आईनं माझ्या लग्नात, साड्यांच्या घड्यांत गुंडाळून, माझ्याबरोबर सासरी, पिंपळीला पाठवली.

सासरी दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत खरीखुरी मेंढरं होती. सासूबाईंनी मेंढपाळीण हातात घेतली, तिचा फुलाफुलांचा झगा पाहिला, उंच टाचांचे बूट पाहिले. "असली पायताणं घालून मेंढरामागं जाती व्हय ही? पहिल्याच ढेकळाला तोंडावर आपटंल." सगळं घर हसलं. मीही हसले. मग त्यांनी जोडी गौरींच्या आराशीत मांडली आणि बाहुलीच्या कपाळाला कुंकू लावलं.

तेव्हापासून दर वर्षी तेच. वरच्या चकचकीत लेपावर केसासारख्या बारीक भेगा होत्या. त्यांत कुंकू मुरलं आणि कपाळ कायमचं गुलाबी झालं. जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्यानं भिंग लावून पाहिलं. "काम अस्सल आहे, बाई. हा डाग नसता तर गोष्ट वेगळी होती." घरी हे कुणाला सांगणार?

तुमचे आजोबा गेले त्या वर्षी माझ्या धाकट्या जावेनं हळदीकुंकवाचं ताट फिरवलं. सगळ्या बायकांना कुंकू लावलं, मला ओलांडून पुढे गेली आणि चिनी मातीच्या मडमेला लावलं. तरीही, पुढे बारामतीला राहायला आल्यावरसुद्धा, दर गौरींना मी जोडी देत राहिले. नाही म्हटलं असतं तर शिकलेलीचा तोरा म्हणून ऐकावं लागलं असतं. आणि शेवटी ती तुमच्या वाट्याला येणार, एवढं मनाशी धरून होते.

यंदा गुडघ्यामुळे मी बारामतीतच राहिले, जोडीचं खोकं तेवढं पिंपळीला पाठवलं. गौरी गेल्यावर ते परत आलं ते रिकामं. मी रिक्षा करून पिंपळी गाठली.

"बाई, आरास उतरवताना तिचा काठीचा हात मोडला," जाऊ म्हणाली. "भंगलेली मूर्त घरात ठिवत्यात का? हळदकुंकू वाहून नीट कॅनॉलला सोडली."

"ती मूर्ती नव्हती. बाहुली होती."

"आवं, इतकी वर्सं कुंकू लावलं तिला. आता बाहुली कशी?"

"आणि मेंढपाळ? तो तर धड होता."

"त्यालाबी सोडला. जोडीतला एकटाच मागं ठिवून काय करायचं? एकटं ऱ्हायाचं कसं असतंय, ते तुमाला काय सांगावं, बाई."

हे ती वाईट मनानं बोलली नाही. म्हणूनच जास्त लागलं. तिनं चहा दिला, तो मी प्यायले. परतताना पुलावर रिक्षा थांबवायला सांगितली. कॅनॉल काठोकाठ वाहत होता, गढूळ, वेगात. त्यात काय दिसणार होतं?

तुमच्या वडिलांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "आई, तशीच जोडी ऑनलाइन मिळेल." मिळत असेल. मागवू नका.

पुढच्या वर्षीपासून मी गौरींना येणार नाही, असं जावेला फोनवर कळवलं. मला वाटलं, का ते तिच्या लक्षात येईल.

"व्हय की," ती म्हणाली, "आता आराशीला दुसरं कायतरी बघाय पायजे."