एका फिल्टरचे दोन तुकडे

हे कालपर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. नवा आजार लवकर कळावा म्हणून नागपूरला उतरलेल्या विमानांतली हवा तपासतात. केबिनमधल्या यंत्रातला फिल्टर काढून प्रयोगशाळेत देणं माझं काम. एकदा मी जेवत बसलो आणि एक विमान तसंच परत उडालं. मी आधीच्या विमानाचा फिल्टर कापून दोन नळ्यांत भरला. दोन्ही अहवाल स्वच्छ आले.

काल प्रयोगशाळेतल्या बाईंना सांगून टाकलं.

"काहून लपवलं गा भाऊ? रिकामी नळी देली असती, त मी 'नमुना नाही' लिहिलं असतं!"

त्यांनी त्या सुटलेल्या विमानाचा अहवाल रद्द केला आणि नवी नळी माझ्याच हातात दिली. "जा आता, विमान उतरून राहिलं."

त्या सुटलेल्या विमानातल्या प्रवाशांना मात्र खरं सांगायचं अजून राहिलंच आहे.