आबा आणि बाहेरची फ्लॉपी

आमच्या छापखान्यातल्या आबांइतका संशयी माणूस अख्ख्या खानदेशात झाला नसेल, आणि आपल्याच नोकरावर माझ्याइतका चिडलेला मालकही जळगावात दुसरा झाला नसेल. आबा मूळचे धुळ्याकडच्या खेड्यातले, माझ्या वडिलांच्या वेळचे जुळारी, म्हणजे शिशाचे खिळे एकेक करून जुळवणारे. शाळांच्या प्रश्नपत्रिका आमच्याकडे छापायला येत. शेवटची प्रत निघाली की आबा जेवणाआधी खिळे सुटे करून खणांत टाकत आणि खराब निघालेले कागद स्वतः बंबात घालत. बरं, तेवढ्यावर समाधान? छे! आठवड्याला समोरच्या गाडीवर जाऊन भेळ खायचे. भेळ त्यांना बिलकूल सोसायची नाही. पुडीचा कागद आमच्या छापखान्यातला तर नाही ना, एवढं बघायला खायचे. मग पोट बिघडलं की रजा मागायचे, आणि ती मी मुकाट्याने द्यायची!

नव्वदीच्या सुरुवातीला मी कॉम्प्युटर आणला. त्या खोलीत आम्ही चपला काढून जायचो, दसऱ्याला पडद्याला कुंकू लावून झेंडूची माळ घालायचो. कोणाची अडचण नको म्हणून छापखान्याचंच नाव पासवर्ड ठेवलं आणि त्याची चिठ्ठी गणपतीच्या तसबिरीला चिकटवली. आबांनी चिठ्ठी फाडली, पासवर्ड बदलायला लावला आणि बाहेरची फ्लॉपी आत घालायची नाही असा हुकूम काढला. हुकूम मालकाने काढायचा की जुळाऱ्याने? एक गृहस्थ लग्नपत्रिकेचा मजकूर फ्लॉपीत घालून पुण्याहून आले, तर आबांनी त्यांना समोर बसवून काका-मामांसकट सगळी नावं तोंडी सांगायला लावली. गृहस्थ तणतणत गेले. मी आबांना म्हटलं, येणारे सगळे आपलेच तर असतात.

"बठ्ठा आपलाच शेतस," आबा म्हणाले, "तं मंग दारले कडी कसाले?"

माझ्या बहिणीचे यजमान जळगावातच मेहरूण भागात दहावीची खासगी शिकवणी चालवत. एका दुपारी शिकवणीची जाहिरात फ्लॉपीत घेऊन आले, तर आबा दारात आडवे. घरच्या जावयाला अडवतात! माझं डोकंच फिरलं. सगळ्यांदेखत मी आबांना नाही नाही ते बोललो. आत कॉम्प्युटरमध्ये दहावीच्या सहामाहीचा पेपर आहे, एवढं ते हळूच म्हणाले. तेही मी ऐकलं, आणि तरी पासवर्ड स्वतःच्या हाताने दाबला, दाजींना खुर्ची दिली आणि त्यांच्यासाठी कचोरी आणायला गेलो.

आठ दिवसांनी त्या पेपराच्या शाळेचे हेडमास्तर एक कागद घेऊन आले. परीक्षा व्हायची होती आणि एका मुलाच्या दप्तरात 'संभाव्य प्रश्न' सापडले होते, आमच्याच पेपरातले, त्याच क्रमाने. आबांची नात त्याच शाळेत दहावीला. झालं! सगळ्यांचे डोळे आबांकडे. दाजींचं नाव माझ्या जिभेवर होतं आणि मी ते गिळलं. बहिणीचा संसार, चार लोकांत नाचक्की, असलं काहीबाही मनात आलं. आबांनाही सगळं ठाऊक होतं, पण मालकाच्या घरच्या जावयाचं नाव आपण घ्यायचं नाही, असला तो जुना माणूस. "कागद मन्हा हातमाईन गया नही," एवढं बोलून त्यांनी जेवणाचा डबा उचलला आणि काम सोडून ते गावी गेले.

दाजींना जाब विचारला, तर हसत म्हणतात कसे, घरचाच कॉम्प्युटर, त्यात काय एवढं! आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. पण त्यांना कोणत्या तोंडाने बोलणार? दार मीच उघडून दिलं होतं.

दिवाळीनंतर हेडमास्तरांकडे जाऊन मी खरं काय ते सांगितलं. पेपरांचं काम गेलं, बहिणीने अबोला धरला. मग एसटीने आबांच्या गावी गेलो. वर्गातल्या मुली 'पेपरवाली' म्हणून चिडवत, म्हणून नातही शाळा सोडून तिथेच येऊन राहिली होती. अंगणात मिरच्या निवडत बसली होती.

आबांनी माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "हेडमास्तरले सांगं, ते चांगलं करं. आते तिले सांगा."

चाळिशीचा मी, त्या पोरीसमोर उभा राहिलो आणि म्हणालो की पेपर माझ्या घरच्या माणसाने नेला. तिने मान वर केली नाही.

"आबा खोटं बोलतस नही, माले माहीत व्हतं," ती म्हणाली. "तुमले बी माहीत व्हतं ना?"

आबा तिला रागावले नाहीत. त्यांनी मला चहा पाजला आणि स्टँडपर्यंत सोडायला आले. सोमवारपासून पोरीला शाळेत धाडतो म्हणाले. स्वतः कामावर येण्याचं मात्र काही बोलले नाहीत, आणि ते विचारायचा मला धीर झाला नाही.