महाराणीचा कॉम्प्युटर

"आमचे हे घरी बसून पुड्या बांधतात," असं बायको चारचौघांत सांगायची आणि लोकांना वाटायचं, ह्याचं किराणा दुकान आहे. पुडीदादा हे नाव त्यातूनच पडलं. खरं तर तो लिनक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या कॉम्प्युटरांसाठी प्रोग्राम बांधून द्यायचा आणि अशा बांधलेल्या प्रोग्रामला पुडी म्हणायचा. लिनक्सचे प्रकार अनेक, म्हणजे भावकी मोठी आणि घराघराची रीत निराळी. एकाचं सामान माळ्यावर, तर दुसऱ्याचं फडताळात. म्हणून पुडीदादाची पुडी आधी कॉम्प्युटरला त्याच्या घराण्याचं नाव विचारायची आणि मग त्या घरच्या रीतीने आपलं बिऱ्हाड मांडायची. या युक्तीवर स्वारी भलतीच खूश होती.

त्याची थोरली बहीण एका छापखान्याची प्रुफं तपासायची. डोळे अधू झाले तशी ताई गप्प गप्प झाली. आज ती मालकांना फोन करून कामाला कायमचं नाही म्हणून कळवणार होती. हे कळताच पुडीदादा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रामची पुडी घेऊन तिच्या घरी थडकला.

"ताई, फोन नंतर कर. आधी हे ऐक."

त्याच्या घरच्या सगळ्या कॉम्प्युटरांवर पुडी बिनबोभाट चालली होती. इथे मात्र ढिम्म! 'हे नाव ओळखीचं नाही,' एवढंच पडद्यावर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. ताईने फोनकडे हात नेला. कॉम्प्युटर आपल्या घराण्याचं नाव सांगतोय तरी काय, ते पुडीदादाने घाईघाईने उघडून पाहिलं. नाव होतं 'महाराणी'.

"भाऊजी!"

भाऊजी दारातच कान खाजवत उभे होते. "अरे, हिच्या वाढदिवसाला गंमत केली होती. नाव दिसेल तिथे बदलून टाकलं. हिला फार आवडलं होतं."

"मला कुठे आवडलं होतं?" ताई म्हणाली, पण हसली. कित्येक दिवसांनी हसली.

पुडीदादाला आधी राग आला, मग असं हसू फुटलं की आवरेचना. भाऊजींचा काय दोष? गाढव तोच! दारावरची पाटी वाचून स्वयंपाकघर ओळखायचं, ही कुठली तऱ्हा? आत जाऊन बघावं की! त्याने नाव विचारणारा भागच उडवला. आता पुडी नुसती चाचपून बघणार होती: सामान लावायची सोय कुठली, आवाज काढायची कुठली. जे हाताशी असेल त्यावर भागवायचं.

बटण दाबलं आणि कॉम्प्युटर ताईकडे तपासायला आलेली कादंबरी एका दमात वाचत सुटला.

"अरे हळू, तुझी काय गाडी सुटतेय?" ताई कॉम्प्युटरवरच खेकसली. पुडीदादाने वेग कमी केला. ताई खुर्चीत पुढे सरकून ऐकू लागली. प्रकरण संपलं, दुसरं सुरू झालं आणि तिने एकदम हात वर केला.

"थांबव! मागच्या प्रकरणात ही बाई विधवा झाली ना? मग तिचा नवरा इथे दाढी करत कसा बसलाय?"

उत्तराची वाट न बघता ताईने फोन लावला होता.

"नमस्कार मालक. छे हो, नाही म्हणायला नाही केला! तुमच्या लेखकाला आधी माझ्याकडे पाठवा. त्यांचा एक मेलेला माणूस मोकाट फिरतोय."