हरवण्याचा तास

हायस्कूलच्या भूगोलाच्या बाईंना गावभर 'पोरं हरवणाऱ्या बाई' म्हणत, आणि बाईंना त्याचं काडीचंही वाईट वाटत नसे. नवख्या माणसाने हे नाव ऐकलं की त्याला वाटे, बाई वेंधळ्या असाव्यात, सहलीला नेलेली मुलं मोजायला विसरत असाव्यात. तसं मुळीच नव्हतं. बाईंच्या घरात कात्री कात्रीच्याच खिळ्याला असे आणि नवऱ्याने ती दुसरीकडे ठेवली तर त्याची धडगत नसे. बाई पोरं हरवत त्या मुद्दाम, ठरवून, वर्षातून एकदा, आणि तेही पालकांना शाळेत बसवून ठेवून.

याचं मूळ शाळेच्या इमारतीत होतं. जुनी इमारत आणि नवी इमारत एका अरुंद बोळाने जोडलेली होती, आणि जोडताना दोन्हीकडच्या गवंड्यांचं आपसात बोलणं बंद असावं. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून बोळात शिरलेला माणूस एकही पायरी न उतरता नव्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर निघे. चित्रकलेच्या वर्गात जायचं तर संगीताच्या वर्गातून जावं लागे, आणि संगीताचा तास चालू असेल तर थांबावं लागे. प्राथमिक शाळेत चार खोल्या आणि एक घंटा एवढ्यावर वाढलेली पोरं आठवीला इथे येत आणि पहिल्याच दिवशी त्यांच्या तोंडचं पाणी पळे.

अशाच एका पहिल्या दिवशी शाळा सुटताना बाई नकाशे ठेवायला प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत गेल्या, तर तिथे हाडांच्या सांगाड्याशेजारी एक नवी मुलगी दप्तर मांडीवर घेऊन बसलेली. सकाळी वर्ग सापडला नाही, विचारायची लाज वाटली, म्हणून ती दिवसभर तिथेच बसली होती. डबासुद्धा तिने सांगाड्याकडे पाठ करून खाल्ला होता.

"अगं, कुणाला विचारायचं तरी!" बाई म्हणाल्या.

"मला वाटलं, कुणीतरी येईल," मुलगी म्हणाली.

हे वाक्य बाईंच्या काळजात रुतलं ते रुतलंच. पुढच्या वर्षी त्यांनी हरवण्याचा तास सुरू केला. शाळा उघडण्याआधीच्या शनिवारी आठवीत येणाऱ्या सगळ्या मुलांना पालकांसह बोलवायचं, मुलांना एकेक करून इमारतीत सोडायचं आणि हवं तितकं हरवू द्यायचं. नियम एकच होता: निदान एकदा तरी कुणाला तरी वाट विचारायची आणि कुणाला विचारली ते परत येऊन सांगायचं. न विचारता परत आलेलं मूल नापास, मग ते कितीही लवकर येवो. मोठ्यांसाठीही एक नियम होता. शिपाईमामांपासून हेडमास्तरांपर्यंत ज्याला कुणी विचारेल त्याने वाट दाखवायची, पोचवायचं नाही.

मुलं सोपी होती. खरी परीक्षा पालकांची. त्यांना सभागृहात खुर्च्यांवर बसवलं जाई, फोन टोपलीत काढून घेतले जात, आणि आपलं मूल दारातून आत येईपर्यंत उठायची बंदी असे. भले भले कासावीस होत. एका वडिलांनी दुसरा फोन मोज्यात लपवला होता, तो नेमका वाजला. एक आई लेकीची पाण्याची बाटली द्यायच्या निमित्ताने सटकली आणि ग्रंथालयातल्या कपाटामागे लपून बसली. बाईंनी तिला दंडाला धरून परत आणली. अशा वेळी बाई कमरेवर हात ठेवून सांगत, "तुम्ही शोधायला गेलात, की पोराला कळतं, आपण सापडणार नाही असं आईबापांनाच वाटतंय. बसा खाली!" आणि लोक बसत. आवाजच तसा होता.

असं सगळं सुरळीत चाललं होतं, आणि मग बाईंची स्वतःची लेक आठवीला आली.

लेक एकुलती एक, बापासारखी शांत आणि आईसारखी हट्टी. बाप चष्म्याच्या दुकानाचा मालक. दिवसभर लोकांना 'आता कसं दिसतं?' विचारून विचारून त्याला घरी फारसं बोलायची हौस उरली नव्हती. एका संध्याकाळी जेवताना लेकीने ताट जरा पुढे सरकवलं आणि जाहीर केलं की तिला आईच्या शाळेत जायचं नाही, मावशीच्या गावच्या शाळेत जायचंय. मावशीकडेच राहायचं, सुटीला घरी यायचं. मावशीशी बोलणंही झालं होतं.

"का गं? माझ्या शाळेत काय वाघ आहेत?" बाईंनी विचारलं. आवाज अजून शाबूत होता.

"तू आहेस," लेक म्हणाली.

चष्मेवाल्यांना ठसका लागला. बाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तो जागच्या जागी थांबला.

लेकीचं म्हणणं तिने मुद्देसूद मांडलं. आई सगळ्या गावाला सांगते, पोरांचा हात सोडा. आणि स्वतः? पोहायच्या वर्गाला आई काठावर टॉवेल घेऊन उभी. वाचनालयात आई पुढच्या टेबलावर. मैत्रिणीच्या वाढदिवसाला तर 'सहज इथून चालले होते' म्हणून आई दोनदा येऊन गेली, आणि ते घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं. "तिथे निदान तासा-दोन तासांचाच प्रश्न होता. शाळेत तर तू दिवसभर असशील. मला नाही जमणार."

त्यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पोरगी समोरून गेली की घर कसं होईल, हे मात्र त्यांना लख्ख दिसलं. तिसरी खुर्ची रिकामी, आणि उरलेल्या दोघांत एकजण न बोलणारा. त्यांना रडूच आलं असतं, पण त्यांनी ते लोणच्याची बरणी उघडण्यात घालवलं.

शेवटी लेकच म्हणाली, "एक अट. या वेळी हरवण्याच्या तासाला तू बाई नाहीस. तू आई. इतर आयांसारखी खुर्चीत बसायचं आणि मी येईपर्यंत उठायचं नाही. उठलीस तर मी मावशीकडे."

"हात्तिच्या! एवढंच?" बाई म्हणाल्या.

"हरवेल ती नाही," चष्मेवाले ताटात बघत म्हणाले. "तूच."

शनिवारी तास चित्रकलेच्या सरांनी घेतला. बाई तिसऱ्या रांगेत बसल्या आणि तिथून त्यांनी सरांना दोनदा सूचना केल्या, तेव्हा सरांनी नम्रपणे, "पालकांनी शांत राहावं," असं म्हटलं. सभागृहात हशा पिकला. शेजारच्या खुर्चीत बेकरीवाले होते. मागच्याच आठवड्यात ते मुलाच्या काळजीने बाईंकडे येऊन तासभर बसून गेले होते, आणि आता पायाने सारखा ठेका धरत होते.

मुलं सुटली. सर त्यांच्यामागे बोळांत गेले आणि मधूनमधून सभागृहात डोकावून जाऊ लागले. बाईंना पहिल्यांदाच कळलं, की त्या खुर्च्या किती कठीण आहेत. इतकी वर्षं त्या या वेळी बोळाबोळांतून फिरत असत, कुठल्या जिन्यावर कोण रडतंय ते लांबून बघत असत. इथून फक्त दार दिसत होतं, आणि दारात दुसऱ्यांचीच पोरं येत होती. "मी ग्रंथपालबाईंना विचारलं!" "मी संगीताच्या सरांना विचारलं, ते गाणं थांबवून रागावले, पण सांगितलं!" येणाऱ्या प्रत्येक मुलाबरोबर एक खुर्ची रिकामी होत होती आणि एक आई किंवा बाप युद्ध जिंकल्यासारखे बाहेर जात होते. बेकरीवाल्यांचा मुलगा घामाघूम होऊन आला. त्याने वाट चारजणांना विचारली होती आणि एवढ्यानेच तो बापाच्या डोळ्यांत पास होऊन पुढच्या वर्गात गेला होता.

लेक आली नाही.

आता खरं तर तिने सगळ्यात आधी यायला हवं होतं. ती रांगत होती तेव्हापासून ही इमारत तिला पाठ. म्हणूनच बाईंचा जीव टांगणीला लागला. दुसरं पोर हरवलं तर इमारतीत हरवलं म्हणता येतं. जी हरवूच शकत नाही ती आली नाही, म्हणजे काय झालं असेल? नव्या जिन्याची एक पायरी सैल होती. मुलांना ते कुणी सांगितलं होतं का? मोरीत परवा कुणीतरी घसरलं होतं.

"पंखा फार जोरात आहे," म्हणत बाई उठल्या.

"मी करतो कमी," म्हणत बेकरीवाले उठले. त्यांचा मुलगा बाहेर मैदानावर उंडारत होता, पण ते गेले नव्हते. पंखा कमी करून ते परत शेजारी येऊन बसले, तेव्हा बाईंनाही बसावं लागलं.

थोड्या वेळाने त्या पुन्हा उठल्या. "मी जरा पाणी पिऊन येते."

बेकरीवाल्यांनी स्वतःची बाटली पुढे केली. बाईंनी पाण्याचा एक घोट घेतला आणि त्या परत बसल्या.

"बाई," बेकरीवाले हळूच म्हणाले, "आपण शोधायला गेलो, की पोराला कळतं, आपण सापडणार नाही असं आईबापांनाच वाटतंय."

"हे कुठल्या शहाण्याने सांगितलं तुम्हाला?"

"तुम्हीच की. तुम्ही घरी परत पाठवलंत ना मला, तेव्हा."

बाईंनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. शेजारी एक बेकरीवाला, समोर एक उघडं दार. इतक्या वर्षांत इतक्या आयांना आपण 'बसा खाली' म्हटलं, आणि त्या बसल्या, हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा मोठं वाटलं. त्या सगळ्या आयांची त्यांनी मनातल्या मनात माफी मागितली, कपाटामागच्या बाईची दोनदा.

सभागृहात त्या दोघांशिवाय कुणी उरलं नाही, तेव्हा लेक दारात आली. धडधाकट. केस विस्कटलेले नाहीत, गुडघे फुटलेले नाहीत. बेकरीवाले "चला, माझी पोळपाटासारखी चपटी झाली पाठ," असं काहीतरी पुटपुटत चटकन बाहेर गेले.

लेक येऊन आईसमोर उभी राहिली. "उठली नाहीस," ती म्हणाली.

"दोनदा उठले," बाई म्हणाल्या. लेकीशी खोटं बोलायची ही वेळ नव्हती. "पण बसले परत. कुठे होतीस गं इतका वेळ?"

"बोळात. मला काही माहीत नव्हतं असं कुठे होतं? मग विचारणार काय? म्हणून मी चित्रकलेच्या सरांना एवढंच विचारलं, आई खुर्चीत आहे का? ते म्हणाले, आहे. मला बरं वाटलं. थोड्या वेळाने परत विचारलं, तेव्हाही म्हणाले, आहे." लेकीची हनुवटी थरथरायला लागली. "तिसऱ्यांदा विचारलं ना, तेव्हा मला आतून वाटत होतं, त्यांनी नाही म्हणावं. वाटलं, तू येशील."

बाईंना सांगाड्याशेजारची ती मुलगी आठवली. हात पुढे करून लेकीला जवळ ओढावं, असं त्यांना इतकं वाटलं, की दुखलं. पण ती त्यांच्याकडे ज्या डोळ्यांनी बघत होती, त्या डोळ्यांना जवळ ओढून घेणं नको होतं.

"यावंसं फार वाटत होतं गं," बाई म्हणाल्या. "आत्तापर्यंतच्या आयुष्यात एवढं काहीच वाटलं नव्हतं."

"माहितीये. सरांनी सांगितलं, पंख्याचं." लेकीने बाहीने नाक पुसलं आणि जराशी हसली. मग एकदम सरळ उभी राहिली, हात मागे बांधले, आणि आपण या इमारतीत आयुष्यात पहिल्यांदाच पाऊल टाकतोय अशा आवाजात म्हणाली, "बाई, मी आठवीत नवीन आहे. मला बाहेरचं दार सापडत नाहीये. कुठून जायचं?"

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. मावशीच्या गावाचा विषय संपला, हे त्यांना कळलं. त्यांनी वर्गात उत्तर सांगावं तसं सांगितलं, "या दारातून बाहेर पड. डावीकडे वळ, संगीताच्या वर्गावरून सरळ. जिना लागेल, त्याची तिसरी पायरी सैल आहे, जपून उतर. समोर दार."

"थँक्यू, बाई."

लेक निघाली. दाराशी पोचल्यावर तिने मागे वळून पाहिलं आणि हळूच म्हणाली, "आई, मी पोचले की मग उठ हं."

बाई बसून राहिल्या. पावलं संगीताच्या वर्गावरून गेली, जिन्यावर आली, एका जागी थबकली, एक पायरी जपून ओलांडून पुन्हा खाली उतरत गेली. मग खाली मोठं दार उघडल्याचा आवाज आला. बाई तरीही थोडा वेळ उठल्या नाहीत.