चार दिवस बंद ठेवलेली गोळी

मंडळी, आज दुपारी महाडच्या माझ्या लॅबमध्ये कापडे गावच्या यशोदावहिनी एकट्याच आल्या. त्यांचे यजमान धोंडूभाऊ, हृदयात कृत्रिम झडप बसवलेले. रक्त पातळ ठेवायची गोळी रोज आणि ते किती पातळ झालंय हे बघायची तपासणी दरमहा माझ्याकडे.

"भाऊ कुठायत?"

"गेले ओ दादा. डोक्यात रक्त सांडलं. ह्या गोळ्या उरल्यात, कुना गरिबाला द्या."

पिशवीभर होत्या. "एवढ्या उरल्या कशा?"

"तपासनीच्या आधी चार दिस बंद ठेवायचे. म्हनायचे, गोळीनं रिपोट बिघडतो, आनि चांगला आला नाय तर डाक्टर ओरडतो."

साहेब येणार म्हणून शाळा सारवतात, तसं भाऊ रक्त सारवून आणत होते. रिपोर्टात रक्त घट्ट दिसायचं, डॉक्टर डोस वाढवायचे आणि भाऊ घरी जाऊन तो वाढीव डोस इमानाने गिळायचे, म्हणजे रक्त गरजेपेक्षा फार पातळ.

मी शहाणा दर वेळी विचारायचो, "उपाशी आलात ना?" या तपासणीला उपाशी राहावंच लागत नाही. "गोळी चालू आहे ना?" हे मात्र एकदाही विचारलं नाही.

निघताना वहिनी म्हणाल्या, "तुमचा रिपोट कदी चुकला नाय, असं ते सांगायचे."

तुमच्या घरात कुणी ही गोळी घेत असेल, तर तपासणीआधी ती बंद ठेवत नाहीत ना, हे आजच विचाराल का?