अकरावं वर्तुळ

क्रिस्पुलो दाग्पिनला, म्हणजे बारोतान शहरातल्या सगळ्यांच्या पुलोयला, 'नाही' म्हणता येत नसे. त्याच्या ट्रायसिकलमध्ये चार माणसांची जागा. सात बसलेली असायची आणि आठव्यानं हात केला तरी हा ब्रेक लावायचा. त्याची बायको मेदिंग म्हणायची, "माझ्या आईनं आधी विचारलं म्हणून माझ्याशी लग्न केलंस. मावशीनं विचारलं असतं तर मावसबहिणीलाही हो म्हणाला असतास." पुलोय यावरही मान डोलवायचा.

पाच मुलं झाली. प्रत्येकाच्या बाप्तिस्म्याला "मी धर्मबाप होऊ का?" असं जो जो म्हणाला, त्याला त्याला पुलोय हो म्हणाला. एकेका पोराला सात-सात, आठ-आठ धर्मबाप. आणि एकदा का माणूस पोराचा धर्मबाप झाला, की तो आपला 'पारे', आणि पोराची आई त्याची 'मारे'. सख्ख्या भावाला टाळता येतं, पारेला नाही. त्यामुळे दर निवडणुकीत उमेदवारांची यादी लागली, की पुलोयची पंचाईत व्हायची. निम्मे त्याचेच पारे निघायचे.

त्यात यंदा नगरसेवकांच्या दहा जागांसाठी मेदिंग उभी राहिली.

कारण होतं नळ. एकोणीस वर्षं ती बाजारात बिबिंगका विकत होती. तांदळाचं पीठ, नारळाचं दूध, खाली निखारे आणि झाकणावर निखारे. पण तिच्या ओळीतल्या अकरा दुकानांना पाणी नव्हतं. पहाटे मासळीच्या बाजूच्या नळावरून बादल्या आणायच्या, त्याही कोळणींची बोलणी खात. नगरपालिकेत ती सात वेळा अर्ज घेऊन गेली. सात वेळा ताईसारखं 'मानांग' म्हणवून घेत ऐकून आली, "पुढच्या बैठकीत बघू, मानांग."

आठव्यांदा ती म्हणाली, "मग पुढच्या बैठकीत मीच येऊन बसते."

मतपत्रिकेवर तिनं नाव छापायला दिलं : बिबिंगका मेदिंग. समोरच्या कराओकेवाल्या पिदिंगनं तिला प्रचाराचं गाणं ध्वनिमुद्रित करून दिलं, फुकट. स्वतः पिदिंगही उभा होताच. त्यानं स्वतःचं गाणंही त्याच चालीवर बसवलं, कारण त्याच्या यंत्रात तेवढी एकच चाल धड वाजत होती. दीड महिना रस्त्याच्या दोन्ही अंगांनी दोन कर्णे एकमेकांवर खेकसत राहिले. महापौरकीचे दोन्ही उमेदवार त्या गल्लीत यायचे बंद झाले; त्यांची भाषणं ऐकूच येत नसत.

"पारे," पिदिंग रस्त्यापलीकडून ओरडायचा, "मारे पहिली, ते मला मान्य. पण मी दुसरा ना?"

"हो तर, पारे!" पुलोय ओरडायचा.

असं तो नऊ जणांना आधीच म्हणून बसला होता.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या बाकावर बसून पुलोयनं कागद उघडला. महापौर, उपमहापौर झाले. मग नगरसेवक : जास्तीत जास्त दहा. त्यानं सर्वांत आधी मेदिंगचं वर्तुळ काळं केलं, जीभ बाहेर काढून, अगदी काठापर्यंत. मग एकेक पारे. हा मोठीचा धर्मबाप. हा दुसरीचा, यानं बकरा दिला होता. नऊ पारे झाले. दहा वर्तुळं भरली आणि पिदिंग राहिला.

पुलोयनं पेन खाली ठेवलं. धाकट्याला डेंग्यू झाला तेव्हा रस्त्यात कमरेएवढं पाणी होतं. ट्रायसिकल बंद पडली होती. पिदिंगनं पोराला खांद्यावर घेऊन दवाखान्यात नेलं होतं, आणि वाटभर त्याला गाणी म्हणून दाखवली होती. भयंकर गाणी. पोरगं रडायचं थांबलं ते घाबरूनच.

पुलोयनं पेन उचललं. गावजेवणाला दहा पानं मांडली आणि अकरावा आला, तर भात पुरतोच की. मशीनही काहीतरी जमवून घेईल. त्यानं अकरावं वर्तुळ काळं केलं.

मशीननं कागद गिळला आणि पावती दिली. 'नगरसेवक : मर्यादेपेक्षा जास्त मते. एकही मत धरलेले नाही.'

"बाई," तो तिथल्या शिक्षिकेच्या कानाशी लागला, "दुसरा कागद मिळेल का?"

"एका माणसाला एकच, मानोंग. पावती त्या पेटीत टाका. आणि बोट पुढे करा."

बोटाला शाई लागली. बाहेर मेदिंग उभी होतीच.

"नीट काळं केलंस ना?"

"हो," पुलोय म्हणाला. "भरपूर."

दुसऱ्या दिवशी दुपारी निकाल लागला. नऊ जागा ठरल्या. दहाव्या जागेवर मेदिंग : आठ हजार चारशे सतरा. पिदिंग : आठ हजार चारशे सतरा.

गल्लीत लोक वेडे झाले. पोरं पातेली बडवत धावली. दोन्ही कर्णे एकदमच सुरू झाले. आणि पुलोय आपल्याच ट्रायसिकलच्या मागच्या बाजूला जाऊन उकिडवा बसला. एक मत. त्याचं एक मत.

समान मतं पडली की फैसला नशिबावर, हा कायदाच आहे. आठवड्यानं नगरपालिकेच्या सभागृहात नाणेफेक ठरली. तीनपैकी दोन जिंकेल तो नगरसेवक. त्या आठवड्यात पुलोय जेवला नाही. मेदिंग सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटली, "बघा, माझ्या काळजीनं वाळला."

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. निवडणूक अधिकारी बाईंनी दहा पेसोचं नाणं काढलं, तोच पिदिंगची बायको उभी राहिली. "या बाई रोज मेदिंगकडची बिबिंगका खातात!"

"आणि दर शनिवारी तुमच्याकडे येऊन गातात, त्याचं काय?" मेदिंगची बहीण ओरडली.

बाईंनी कपाळावर हात मारला. "मग कोणी उडवायचं? कुणावर विश्वास आहे तुमचा?"

"पुलोयवर!" मेदिंग आणि पिदिंग एका सुरात म्हणाले.

पुलोय नाही म्हणणार होता. खरंच म्हणणार होता.

पहिल्यांदा छापा, मेदिंगचा. सभागृहाचा अर्धा भाग नाचला. दुसऱ्यांदा काटा; उरलेला अर्धा नाचला. तिसऱ्या वेळी पुलोयनं नाणं मुठीत धरलं आणि मूठ उघडेना.

"मी अकरा केले," तो म्हणाला.

"काय अकरा?" मेदिंगनं विचारलं.

"वर्तुळं. तू आणि दहा पारे. माझी सगळी मतं बाद झाली, मेदिंग. पिदिंगला गाळता आलं नाही मला. त्या पुरामुळे."

मेदिंगनं कमरेवर हात ठेवले. सत्तावीस वर्षांच्या संसारात ती अशी उभी राहिली की भांडी आपोआप घासली जात.

तेवढ्यात पिदिंगनं घसा खाकरला. "मारे, त्याला मारू नकोस. मी माझ्या कागदावर तुलाही मत दिलंय. नाताळला तुझी बिबिंगका खायची आणि तुला गाळायचं, हे कसं जमावं? ते दिलं नसतं तर आज मी दहावा असतो." मागून त्याच्या बायकोनं त्याच्या पाठीत पर्स घातली.

"आणि तू गं?" पुलोयनं हळूच विचारलं. "तू कुणाकुणाला दिलंस?"

"मला," मेदिंग म्हणाली. "एकटीला. बाकीची नऊ वर्तुळं कोरी. एका घरात एक तरी शहाणं माणूस नको?"

आधी अधिकारी बाई हसल्या, मग छपराचे पत्रे वाजतील इतके सगळे. त्या हसण्यातच पुलोयची मूठ सुटली आणि नाणं वर गेलं. गरगरत खाली आलं, पिदिंगच्या बुटावर आपटलं, टेबलाखाली गेलं. तिन्ही डोकी टेबलाखाली घुसली.

छापा.

बिबिंगका मेदिंगला खांद्यावर घेऊन लोकांनी सभागृहाला तीन फेऱ्या मारल्या. खांदे देणाऱ्यांत पिदिंग पुढे होता आणि त्याच भयंकर आवाजात तिचं गाणं गात होता. पुलोय मागून तिच्या चपला घेऊन पळत होता.

"नळ मी पहिल्याच बैठकीत आणणार," ती वरून ओरडली. "तो येईपर्यंत पाणी तू भरायचं!"

"किती बादल्या?"

"अकरा! दुकानाला एक!"

दुसऱ्या दिवशी पहाटे पुलोय कोळणींची बोलणी खात रांगेत उभा होता. अकरा बादल्या ट्रायसिकलमध्ये खणखणत होत्या. पिदिंगच्या घरावरून ट्रायसिकल गेली तशी त्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"पारे, माझ्यासाठी पण एक आणशील?"

"हो तर, पारे," पुलोय म्हणाला.