कडकताईंच्या घड्या

हॉस्पिटलच्या धुलाईघरात सगळ्याजणी तिला कडकताई म्हणायच्या. तोंडावर नुसतं ताई. सकाळच्या पाळीची ती प्रमुख. लग्नाआधी इथे चादरींच्या घड्या घालायला लागली आणि घड्या घालता घालताच वरच्या जागेवर गेली. हाताखाली बायका आल्या, पण तिचे हात काही थांबले नाहीत. पाळी सुटली की ती मागे राहायची, बायकांनी घातलेल्या घड्या मोडायची आणि पुन्हा घालायची. मनगटं ठणकायची.

"एकतर ती जागा सोड," नवरा म्हणाला, "नाहीतर अंथरूण तिकडेच टाक. चादरींना काही तोटा नाही."

जागा सोडणं तिच्या जिवावर आलं होतं. सोडली तर सकाळची पाळीही मावशींच्या हाती जाईल, हे तर मुळीच सोसणार नव्हतं.

मावशी दुपारच्या पाळीच्या प्रमुख. आल्या की दाराच्या चौकटीला हात लावून डोळे मिटायच्या, काहीतरी पुटपुटायच्या, मग कामाला लागायच्या. बायकांची थट्टा करायच्या. वेळेवर घरी जायच्या. वयाने मोठ्या, तरी चेहरा टवटवीत. यंत्रं तीच, चादरी त्याच. मग मावशींनाच कसं जमतं?

एके दुपारी ती मुद्दाम रेंगाळली. मावशींच्या गठ्ठ्यात हात घालून तिने एक वाकडी घडी शोधून काढलीच. फार बरं वाटलं.

"मावशी, हे काय हो?"

"बघितलंय गं. जिची आहे तिलाही दाखवलंय. पाणी प्यायला गेलीये."

मावशींच्या पाळीतली एक चष्मेवाली पाणी पिऊन आली. "माझीच ती," म्हणाली. घडी मोडून नीट घातली. मग कुणी न सांगता तिने आपला अख्खा गठ्ठा तपासला.

ताई बघतच राहिली. "तुम्हीच का नाही घातलीत?"

"म्हणजे उद्याही मीच घालायची? तुझ्या बायका निघताना काय म्हणतात, ठाऊक आहे? राहू दे, ताई बघतील."

ताईला झोंबलं. "आणि चौकटीपाशी काय पुटपुटता?"

"देवाला सांगते, माणसं तुझी, मी आपली पाळीपुरती. आधी मीही सगळ्याची काळजी घरी न्यायचे. झोप उडाली होती माझी."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटताना एका घडीचा कोपरा वाकडा दिसला. ताईचे हात शिवशिवले. तिने ते पाठीमागे धरले.

"ही कुणाची?"

"माझी. पण राहू दे ना ताई, तुम्ही नंतर..."

"मी निघाले."

ताईने पिशवी उचलली. समोरून मावशी येत होत्या, तशाच टवटवीत. बघून आतून जळलंच. मावशी आत गेल्यावर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, तिने चौकटीला हात लावला. शब्द सुचेनात. नुसतीच उभी राहिली.

घरी नवऱ्याने दार उघडलं. घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"काढलं की काय गं कामावरून?"